शोभेची शिडी, पण पाय खरे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दिवाणखान्यातली साधारण साडेनऊ फुटांची एक भिंत मोकळी आहे. तिथे जुनी शिडी किंवा जिन्याचा तुकडा ठेवावा, पायऱ्यांवर पुस्तकं आणि कुंड्या मांडाव्यात, असं बरेच दिवस मनात आहे. चढायचं नाहीच, नुसती शोभेला. जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडे तीन गोष्टी आवडल्या आहेत. एक, ग्रंथालयात वापरायची चार पायऱ्यांची लाकडी घडवंची. दोन, पाडलेल्या घरातल्या जिन्याचा सात पायऱ्यांचा तुकडा, एका बाजूला कातीव कठडा आणि वर रंगाची पुटं. तीन, पायऱ्यांच्या पोटात खण असलेलं जपानी कपाट. तिन्ही वस्तू दीडशे वर्षांच्या वरच्या आहेत आणि पॉलिश करून नव्यासारख्या करून देतो, असं विक्रेता म्हणतो. नवऱ्याचं मत, ज्यावर चढायचं नाही ते घरात कशाला. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. काय घ्यावं, जुनेपण कसं ओळखावं आणि पॉलिश करून घ्यावं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं "चढायचं नाहीच, नुसती शोभेला" हे वाक्य आधी तपासू, कारण सगळा बेत त्याच्यावरच उभा आहे. पायरी दिसली की पाय उचलतोच. पाहुणा बोलता बोलता खालच्या पायरीवर पाय टेकवतो. माळ्यावरून काही काढायचं असलं की घरातलंच कुणीतरी "एवढ्यापुरतं" म्हणून वर चढतं. चार वर्षांच्या मुलाला तर शोभेची पायरी आणि चढायची पायरी यांतला फरक कितीही सांगा, पटणार नाही. म्हणून मार्ग दोनच उरतात. ती वस्तू चढण्याइतकी भक्कम करून घ्या, नाहीतर चढताच येणार नाही अशी ठेवा. वरून भक्कम दिसणारी आणि आतून खिळखिळी असलेली पायरी सगळ्यात धोक्याची, आणि जुन्या बाजारातल्या बऱ्याच शिड्या नेमक्या याच अवस्थेत असतात.

चढता येणार नाही अशी ठेवणं अवघड नाही. सरळ शिडी असेल तर ती भिंतीवर आडवी टांगा, तळापासून दीड मीटरच्या वर, आणि दोन्ही टोकांजवळ तिच्या दांड्यांना खालून आधार देणारे लोखंडी ब्रॅकेट ठोका. उभी टेकवायचीच असेल तर वरचं टोक भिंतीला हुकाने पक्कं बांधा आणि पायांखाली रबर द्या. शोभेच्या शिड्या जागा वाचवायला भिंतीला फार चिकटवून उभ्या करतात, तिथे त्या मागे कलंडतात. फार तिरप्या केल्या तर पाय घसरतात. टेकवायच्या शिडीचा जुना हिशोब असा, की टेकू चार फूट उंचीवर असेल तर पाय भिंतीपासून एक फूट बाहेर. शोभेच्या शिडीलाही तोच लावा. आणि काहीही घेतलंत तरी ते खिडकी आणि गॅलरीच्या कठड्यापासून निदान एक मीटर दूर हवं. या बाबतीत सवलत नाही.

दुसरं गृहीतक वयाचं. अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनं, हा संकेत व्यापारात रुळलेला आहे. व्हिंटेजला अशी नक्की रेघ नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या वस्तूलाही कुणी तो शब्द लावतं. म्हणून "दीडशे वर्षांच्या वरची" हे नुसतं बोलणं घेऊ नका, वस्तूलाच विचारा. लाकूड फारसं लपवत नाही.

घडवंचीची किंवा शिडीची गोल काठी असेल तर तिचा व्यास दोन दिशांनी मोजा, कॅलिपरने (जाडी बारीक मोजायच्या साधनाने) मोजलात तर उत्तमच. लाकूड वाळताना सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जवळजवळ दुप्पट आकसतं. त्यामुळे लेथवर बरोबर गोल कातलेली काठी कित्येक वर्षांनी किंचित अंडाकृती होते. अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक बोटाला कळत नाही, कॅलिपरला कळतो. फरक नसला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, पण असला तर तो वयाचा साक्षीदार आहे, आणि हा आकार मुद्दाम कातून आणणं फार कटकटीचं असतं.

मग झीज पाहा. खऱ्या पायरीची झीज पाय पडतो तिथेच असते: पुढची कड आणि मधला भाग. भिंतीकडचं टोक जवळजवळ कोरं राहतं. पायरीच्या खालच्या बाजूला तर झीज असण्याचं कारणच नाही, तिथे रंध्याचे किंवा करवतीचे व्रण तसेच दिसले पाहिजेत. नवं लाकूड जुनं करून विकणारा सगळ्या कडा सारख्याच घासतो, तिथेच तो सापडतो. करवतीचे व्रण सरळ समांतर असतील तर फळी हाताने किंवा सरळ वरखाली चालणाऱ्या करवतीने कापलेली आहे. वळणदार कमानी दिसल्या तर गोल करवतीने, आणि ती १९ व्या शतकाच्या पूर्वार्धानंतरच सर्रास झाली.

स्क्रू बघायला विसरू नका. साधारण १८४० च्या दशकापर्यंतच्या स्क्रूचं टोक बोथट असे, टोकदार स्क्रू त्यानंतर आले. अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला. तो दिसला तर एकतर दुरुस्ती झालेली आहे किंवा वस्तूच तितकी जुनी नाही. दुरुस्ती म्हणजे दोष नव्हे, फक्त विक्रेत्याने ती सांगायला हवी. बिजागरीभोवती बुजवलेली जुनी भोकं असतील तर कधीतरी बिजागरी बदलली आहे, किंवा दोन निरनिराळ्या वस्तूंचे भाग एकत्र जोडले आहेत.

आता तुमच्या तीन वस्तू.

जिन्याचा तुकडा. मन सगळ्यात आधी याच्यावर जातं हे समजू शकतं, कारण त्यात घर दिसतं. या तुकड्याच्या पायऱ्यांवर नीट पाहा. दोन्ही कडांना रंगाचे पट्टे आणि मधे कोरं किंवा वेगळ्या छटेचं लाकूड असेल, तर तिथे वर्षानुवर्षं गालिच्याची पट्टी अंथरलेली होती, आणि रंगाऱ्याने फक्त उघडे भाग रंगवले होते. पायरीच्या मागच्या कोनात चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, भोकं ओळीने असतील तर ती गालिचा ठोकल्याची. ही रेघ आणि ही भोकं मला कोरीव खांबापेक्षा मोलाची वाटतात. विक्रेता ती बुजवू म्हणाला तर नको म्हणा.

अडचण अशी, की जिना ही सुटी वस्तू नाही. तो भिंतीच्या आणि वरच्या मजल्याच्या आधाराने उभा असतो. काढला की ते आधार जातात. लाकडी जिन्याच्या पायऱ्या बाजूच्या फळीतल्या खाचांत बसवून खालून पाचरी आणि सरसाने आवळलेल्या असतात. वाहतुकीच्या हिसक्यांनी पाचरी सैल होतात, काही गळून पडतात. तुकडा पालथा घालून प्रत्येक पाचर लाकडी हातोडीने हलकेच ठोकून पाहा. जी हलते ती पुन्हा बसवावी लागेल. सरसानेच बसवून घ्या, कारण तो पाण्याच्या वाफेने पुन्हा सुटतो. एपॉक्सी ओतलेला सांधा पुढच्या सुताराला लाकूड फोडल्याशिवाय उघडता येत नाही.

वजनाचा हिशोबही आधी करा. ९० सेंटीमीटर रुंदीचा सात पायऱ्यांचा सागवानी तुकडा शंभर किलोच्या आसपास भरतो. प्रत्येक पायरीवर पुस्तकं मांडलीत तर साधारण सहा मीटर पुस्तकं झाली. मीटरला तीस किलो धरले तरी १८० किलो. म्हणजे पावणेदोन चौरस मीटरवर २८० किलो, चौरस मीटरला सुमारे १६०. राहत्या घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वापराचा भार धरून बांधतात. मर्यादा इथेच सुरू होते. तुकडा भिंतीलगत, तुळईजवळ ठेवा आणि पुस्तकं खालच्या तीन पायऱ्यांवर. मागे लाकडी चौकट आणि भिंतीत दोन पक्के अँकर हवेतच, नाहीतर तो पुढे किंवा बाजूला कलंडेल.

आणि रंग. पुटावर पुट म्हणजे तळाशी शिशाचा रंग असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, इतर देशांत त्यांच्या त्यांच्या वेळी. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे, आणि ते पोटात जातं पोपडे व धुळीतून, हात तोंडात घालताना. म्हणून घरी कोरडा सॅंडपेपर मारायचा नाही, ज्योतीने रंग जाळायचा नाही. पोपडे सुटत असतील तर आधी तपासणी करून घ्या आणि रंग ओला ठेवून खरवडण्याचं काम जाणकाराकडून, घराबाहेर करून घ्या. रंग घट्ट बसलेला असेल तर पारदर्शक लेपाने बंदिस्त करता येतो. कठड्याच्या दांड्यांमधली फट दहा सेंटीमीटरहून जास्त असेल तर मुलाचं डोकं अडकू शकतं. सातवी पायरी जवळजवळ सव्वा मीटर उंच असणार आणि तिच्यापुढे काहीच नाही, हेही डोळ्यांपुढे आणा. तुमचा मुलगा मोठा होईपर्यंत हा तुकडा मी घेऊ नका म्हणेन. फारच जीव अडकला असेल तर त्याचा मुख्य खांब किंवा कठड्याचा एक भाग तेवढा घ्या आणि भिंतीवर लावा.

(हा सल्ला बिडाच्या गोल जिन्यालाही लागू आहे, त्याबद्दलही काही वाचक विचारतात. आयफेल टॉवरचा मूळ गोल जिना १९८३ मध्ये काढून त्याचे २४ तुकडे केले, त्यातले वीस लिलावात गेले.  बीड कडक पण ठिसूळ. प्रत्येक पायरी हातोडीने टिचकवा: अखंड पायरी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. तडा साध्या वेल्डिंगने सांधत नाही, शेजारीच नवा तडा जातो. पायऱ्या मधल्या दांड्यावर एकावर एक चढवलेल्या असतात आणि बऱ्याचदा त्यांवर क्रमांक ओतलेले किंवा ठोकलेले असतात. क्रमांक सलग आहेत का ते पाहा.)

खणांचं जपानी कपाट. याला काइदान-दान्सु म्हणतात, म्हणजेच जिना-कपाट. एदो काळात (१६०३ ते १८६८) व्यापाऱ्यांच्या घरांत आणि दुकानांत माळ्यावर जाण्यासाठी हा जिना आणि त्याच्या पोटात साठवण, अशी सोय असे. रचना फार शहाणी आहे, आणि परदेशात मागणी वाढल्यामुळे नव्या नकलाही पुष्कळ निघाल्या. खण बाहेर काढून पालथे करा. जुन्या कारागिराने खणाच्या आतल्या बाजूला रंग किंवा पॉलिश दिलेलं नसतं, तसं करायचं कारणच नव्हतं. आत-बाहेर सारखा तपकिरी रंग किंवा तळाला प्लायवुड दिसलं तर वस्तू नवी, किंवा निदान खण तरी नवे. भिंतीकडची बाजू सहसा साधी, बिनसजावटीची असते. ती चारही बाजूंनी देखणी असेल तर ती खोलीच्या मधे मांडण्यासाठी अलीकडे बनवलेली असू शकते. पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, त्यामुळे चढणं शिडीसारखं. मुलं खण ओढून त्यांचीच शिडी करतात, आणि दोन-तीन खण एकदम बाहेर आले की कपाट पुढे येतं. भिंतीला वर दोन ठिकाणी पट्टीने बांधा आणि खालच्या खणांना कुलूप लावा. नवीन निघालं तरी वस्तू वाईट नसते, फक्त तिला जुन्याचा दर द्यायचा नाही.

घडवंची. मी हिच्याकडे झुकतो आहे, आणि त्याचं कारण तुमच्या नवऱ्याचा प्रश्न आहे. तो चूक नाही. भिंतभर पुस्तकांचं कपाट करून वरचे कप्पे गाठायला ही घडवंची वापरलीत तर ती शोभेचीही राहते आणि कामाचीही होते. अशा घडवंच्यांना मोठी परंपरा आहे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कारागिरांनी टेबलात दडवलेल्या पायऱ्या बनवल्या, रॉबर्ट कॅम्बेल यांना १७७४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे १८११ च्या सुमारास उलटवली की पायऱ्या होणारी खुर्ची लंडनमध्ये गाजली. तुमची घडवंची दुमडणारी असेल तर बिजागरीची दोन्ही पानं आणि पाय फाकू नयेत म्हणून असलेली साखळी किंवा पट्टी आधी पाहा. पट्टी थकलेली असेल तर नवी लावा, आणि जुनी पिशवीत घालून घडवंचीच्या आतल्या बाजूला बांधून ठेवा. पुढच्या माणसाला मूळ काय होतं ते कळलं पाहिजे.

चढण्याआधी भार तपासा, पण स्वतः चढून नको. सगळ्यात खालच्या पायरीवर वाळूच्या पिशव्या ठेवत जा, घरातल्या सगळ्यात जड माणसाच्या दीडपट वजन होईपर्यंत, आणि पंधरा मिनिटं ठेवा. मग मधल्या पायरीवर तेच. करकर आवाज, सांध्यात उघडणारी फट, पायरीचा वाक, यांपैकी काहीही दिसलं तर थांबा. ती वस्तू शोभेचीच, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे चढताच येणार नाही अशी ठेवायची. तपासणीत पास झाली तरी खालच्या दोन पायऱ्या सोडून वर चढताना हाताला खांब हवा. तुमच्या घडवंचीला तो नसेल तर सुताराकडून बाहेरून क्लॅम्पने बसणारा खांब करून घ्या, मूळ लाकडाला भोक पाडू देऊ नका. काम नसताना ती दुमडून, बंद दाराआड किंवा भिंतीला कडीने अडकवून ठेवा, निदान मुलगा शाळेत रुळेपर्यंत.

कुंड्यांबद्दल स्पष्ट सांगतो: जुन्या लाकडावर कुंडी ठेवू नका. सागवान आणि ओक यांत टॅनिन असतं. ओलावा आणि लोखंडी खिळा भेटला की काळा डाग पडतो, तो खरवडूनही पुरता जात नाही. मांडायचीच असेल तर पत्र्याची ताटली, तिला खाली सेंटीमीटरभर उंचीचे पाय आणि पाणी देताना कुंडी खाली उतरवायची.

राहिलं पॉलिश. "नव्यासारखं" हा शब्द ऐकला की हात आखडता घ्या. सॅंडिंगचं यंत्र फिरवलं की पायरीची ती खोलगट झीज, रंगाची ती रेघ, करवतीचे व्रण, सगळं धुळीत जातं, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच संपतं. आधी मऊ ब्रशने धूळ काढा. मग पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून कापड जवळजवळ कोरडं पिळून पुसा आणि लगेच सुक्या कापडाने टिपा. जुनी पॉलिश लाखेची आहे का हे लपलेल्या जागी कापसाच्या काडीने थोडं स्पिरिट लावून कळतं. लाख चिकट होते. लाखेची असेल तर पॉलिशवाला ती काढून न टाकताही नवी पातळ लाख चढवू शकतो. मेण उभ्या भागांना लावा, पण चढायच्या पायऱ्यांच्या वरच्या बाजूला कधीही नाही, तिथे पाय सटकतो. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून फेकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात; पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. अपारदर्शक रंग शिडीला लावूच नका. त्याखाली तडे दिसत नाहीत, म्हणून कामाच्या लाकडी शिड्यांनाही असा रंग न लावण्याचा नियम असतो.

एक शेवटचं काम घरात आणण्याआधीचं. भुंगा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं जुन्या लाकडात असतातच, ती मेलेल्या किड्याचीही असू शकतात. भोकाची कड फिकी, धारदार आणि आतून पांढुरकं पीठ गळत असेल तर किडा जिवंत आहे. वस्तू घरच्या बाकीच्या लाकडापासून दूर, काळ्या कागदावर तीन-चार आठवडे ठेवा आणि भोकांवर पेन्सिलीने खुणा करा. कागदावर नवं पीठ पडलं किंवा बिनखुणेचं भोक दिसलं, की लाकडाच्या गाभ्याला ५५ अंश सेल्सियसवर तासभर तापवणाऱ्याकडे पाठवा. वरून औषध लावून भागत नाही, कारण अळी आत खोल असते आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागातून औषध आत शिरत नाही.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा टेप, कॅलिपर, टॉर्च आणि हातात मावणारा आरसा न्या. लाकूड कोणतं, काळ कोणता, कोणता भाग नवा, कुठल्या इमारतीतून काढलं, हे बिलावर लिहून मागा. इमारतीचा पत्ता सांगायला कुणी टाळाटाळ केली तर घेऊ नका, संरक्षित घरांतून जिने चोरून काढले जातात. घरी येणाऱ्या मापाचा अंदाज आधीच घ्या: सात पायऱ्यांच्या तुकड्याची तिरपी लांबी सव्वादोन मीटर भरते, तो दारातून किंवा लिफ्टमधून आला नाही की हमाल "बाजूची फळी थोडी कापू का" असं विचारतात. त्या फळीलाच पायऱ्यांच्या खाचा असतात.